गुप्तांगावरची जखम : मलम लावून झाकू नका

मयूर विहार फेज १ मधल्या आमच्या सोसायटीच्या मागे एक बाग आहे. सकाळी तिथे चालायला येणाऱ्या बायकांमध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही चौघीच. त्यातली एक माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. नागपूरकडची. नवऱ्याच्या नोकरीमुळे दिल्लीत आली आणि इथलीच झाली. गेल्या पावसाळ्यात ती आठवडाभर फिरायला आली नाही. फोन केला तर म्हणाली, ‘‘पाय मुरगळलाय ताई.’’

दोन दिवसांनी ती जिना उतरताना दिसली. एका हातात भाजीची पिशवी, दुसरा हात कठड्यावर आणि दोन्ही पाय एकमेकांपासून लांब ठेवून एकेक पायरी उतरणं चाललेलं. पाय मुरगळलेलं माणूस असं चालत नाही. मी तिला घरी आणलं, चहा टाकला. कप रिकामा होईपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘ताई, तिथे जखम झालीय. लघवीला गेलं की आग होते. आणि आता जांघेत गाठ आलीय. कॅन्सर असेल का हो?’’

जखम होऊन बारा दिवस झाले होते. सुरुवातीला छोटी पुळी आली, दोन दिवसांत ती फुटली आणि खड्डा पडला. तिनं काय केलं असेल? तेच, जे आपण सगळ्या करतो. मार्केटमधल्या केमिस्टकडे गेली, दुकानात बायका नाहीत असं पाहून ‘‘रॅशेस के लिए कुछ दे दीजिए’’ म्हणाली. त्यानं एक ट्यूब दिली. त्या ट्यूबमध्ये बुरशीवरचं औषध, जंतूंवरचं औषध आणि स्टेरॉइड असं तिन्हीचं मिश्रण होतं. लावल्यावर एक दिवस बरं वाटलं, मग जखम पसरली. दुसरी ट्यूब आणली. मग हळद लावून पाहिली. मग डेटॉलच्या पाण्यानं धुतलं आणि त्या रात्री ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली, मुलांना आवाज जाऊ नये म्हणून.

मी विचारलं, ‘‘ह्यांना सांगितलंस का?’’

ती माझ्याकडे पाहातच राहिली. ‘‘कसं सांगू? पहिला प्रश्न काय विचारतील माहितीये ना?’’

हा लेख मी तिला सांगून, तिच्या होकारानं लिहिते आहे. तिची ओळख इथे देणार नाही. पण त्या दिवशी तिच्यासोबत सरकारी रुग्णालयात गेल्यावर आणि नंतर स्वतः वाचून-विचारून मला जे कळलं, ते मला चाळीस वर्षांच्या आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. ना आईनं, ना शाळेनं, ना दोन बाळंतपणांत भेटलेल्या डॉक्टरांनी.

दुखणारी जखम आणि न दुखणारी जखम

तिला जो आजार झाला असावा असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याचं नाव शँक्रॉइड. मराठी वैद्यकीय पुस्तकांत याला मृदू उपदंश असंही म्हणतात. हिमोफिलस डुक्रेयी नावाच्या जिवाणूमुळे तो होतो. डुक्रेयी हे नाव ऑग्युस्तो डुक्रे या इटालियन त्वचारोगतज्ज्ञावरून पडलं. नेपल्समध्ये १८८९ साली त्यांनी हा जिवाणू ओळखला. त्यासाठी रुग्णांच्याच जखमेतला पू त्यांच्याच हाताच्या कातडीत टोचून, तिथे झालेल्या जखमेतून पुन्हा दुसऱ्या जागी टोचून, असे प्रयोग त्यांनी केले होते. आजच्या काळात अशा प्रयोगाला कोणी परवानगी देणार नाही.

संसर्ग झालेल्या जोडीदाराशी संबंध आल्यावर साधारण चार ते सात दिवसांत, फार तर दहा दिवसांत, एक लालसर पुळी येते. ती पिकते, फुटते आणि जखम होते. तिच्या कडा वेड्यावाकड्या, आतून पोखरल्यासारख्या असतात. तळ पिवळट-राखाडी, मळकट. हात लागला तरी रक्त येतं. दाबून पाहिलं तर जखम मऊ लागते, म्हणूनच ‘मृदू’. आणि ती दुखते, चांगलीच दुखते. पुरुषांत बहुधा शिश्नाच्या पुढच्या कातडीवर किंवा तिच्या आत, बायकांत योनीच्या बाहेरच्या ओठांवर किंवा मागच्या बाजूला. एकाऐवजी दोन-तीन जखमा असू शकतात. बऱ्याच रुग्णांना एका बाजूच्या जांघेत दुखरी गाठ येते. उपचार झाले नाहीत तर ती पिकून फुटते.

बायकांच्या बाबतीत गोची अशी, की जखम आत असेल तर ती दिसतही नाही, दुखतही नाही. लघवी करताना जळजळ, शौचाला त्रास, संबंधाच्या वेळी दुखणं, अंगावरून जास्त जाणं एवढीच लक्षणं असतात. त्याला आपण ‘उष्णता झाली’ म्हणतो आणि सब्जाचं पाणी पितो.

आता याच्या शेजारी सिफिलिसची जखम ठेवून पाहा, म्हणजे फरक लक्षात येईल. सिफिलिसचा जंतू वेगळा, ट्रेपोनेमा पॅलिडम. त्याची पहिली जखम संबंधानंतर नऊ ते नव्वद दिवसांत कधीही, बहुधा तीन आठवड्यांनी दिसते. ती एकच असते, कडक असते, कडा स्वच्छ कापल्यासारख्या असतात आणि ती दुखत नाही. खरा धोका इथेच आहे. काही न करता ती तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येते. माणूस सुटकेचा श्वास सोडतो. जंतू मात्र रक्तात गेलेला असतो. काही आठवड्यांनी अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर, न खाजणारे चट्टे उठतात. तेही जातात. मग कित्येक वर्षं काहीच नाही आणि नंतर हृदय, मेंदू, डोळे यांच्यावर परिणाम होऊ शकतो. जी जखम दुखते, ती निदान माणसाला डॉक्टरकडे तरी पाठवते. न दुखणारीनं फसवलेली माणसं जास्त.

बारीक बारीक फोडांचा घोस, आग होणं आणि काही महिन्यांनी पुन्हा त्याच जागी तेच, असं असेल तर बहुतेक नागीण कुळातला हर्पिस. तो विषाणूमुळे होतो, जिवाणूमुळे नाही, त्यामुळे त्याची औषधं वेगळी. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आपल्याकडे गुप्तांगावरच्या जखमांमध्ये हर्पिसचं प्रमाण वाढलं आणि शँक्रॉइडचं खूप घटलं. आज तो कमी दिसणारा आजार आहे.

आणखी दोन आजार थोडक्यात. एकात जखम इतकी छोटी असते की लक्षातही येत नाही, पण नंतर जांघेत मोठ्या गाठी येतात. त्याचं नाव एलजीव्ही. दुसरा डोनोव्हेनोसिस. त्यात ताज्या मांसासारखी लाल, सहज रक्त येणारी पण न दुखणारी जखम हळूहळू पसरत जाते. याचे जंतू मद्रासमध्ये काम करणाऱ्या डॉ. चार्ल्स डोनोव्हन यांनी १९०५ मध्ये पाहिले. डोनोव्हन यांचा जन्म कलकत्त्याचा, म्हणजे या आजाराच्या नावात आपला देश असा बसलेला आहे.

एवढं वाचून कोणी आरसा घेऊन स्वतःचं निदान करायला बसू नये. अनुभवी डॉक्टरसुद्धा नुसतं पाहून चुकतात, दोन आजार एकाच जखमेत असू शकतात. मी हे लिहिलं ते एवढ्यासाठी, की ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ आणि ‘भरून आली म्हणजे बरी झाली’ या दोन्ही समजुती डोक्यातून जाव्यात.

लगेच संशय घेऊ नका

अशी जखम दिसली की घरात संशयाचं वादळ उठतं. म्हणून हे ठासून सांगते, की गुप्तांगावरची प्रत्येक जखम लैंगिक संसर्गाची नसते. काही वेदनाशामक गोळ्या, काही अँटिबायोटिक्स यांची अ‍ॅलर्जी नेमकी त्याच नाजूक कातडीवर काळपट चट्टा किंवा जखम होऊन दिसते, आणि ती गोळी पुन्हा घेतली की पुन्हा त्याच जागी. खरूज खाजवून जखम होते. रेझरनं होते. काही आजारांत तोंडात आणि खाली दोन्हीकडे व्रण येतात. मधुमेहात पुरुषांची पुढची कातडी फुटते. हर्पिसचा विषाणू लग्नाआधीपासून कित्येक वर्षं गप्प बसून अचानक वर येऊ शकतो.

एक गंमत वाटावी अशी गोष्टही वाचली. शँक्रॉइडचाच जिवाणू प्रशांत महासागरातल्या पापुआ न्यू गिनी, सोलोमन बेटं, व्हानुआटू अशा ठिकाणी आणि आफ्रिकेतल्या घानामध्ये लहान मुलांच्या पायांवरच्या जखमांत सापडला आहे. त्या मुलांचा लैंगिक संबंधाशी काही संबंध नाही. कातडीला कातडी लागून तो तिथे पसरतो. जंतूला चारित्र्य कळत नाही.

मात्र सार्वजनिक शौचालयाच्या सीटवरून हा आजार लागत नाही. हे वाक्य माझ्या मैत्रिणीला पुढे फार उपयोगी पडलं, ते येईलच.

फिरंग, गरमी, बद

जांघेतल्या गाठीला आपल्या आजीच्या मराठीत ‘बद’ म्हणत. सिफिलिसला ‘गरमी’, परम्याला ‘परमा’. म्हणजे शब्द होते, घरात होते, फक्त बायकांच्या तोंडी यायचे नाहीत.

सुश्रुतसंहितेत ‘उपदंश’ या नावाखाली गुप्तांगावरच्या व्रणांचं वर्णन आहे. पण सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या ग्रंथात एक नवं नाव येतं, ते म्हणजे फिरंग रोग. फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, लोकांबरोबर आलेला रोग. त्यावर भावमिश्रांनी पाऱ्याची औषधं आणि चोपचिनी सांगितली. याच काळात गोव्यात गार्सिया द ऑर्ता नावाचे पोर्तुगीज वैद्य राहात होते. ते १५३४ मध्ये गोव्यात आले आणि १५६३ मध्ये त्यांचा औषधी वनस्पतींवरचा संवादरूप ग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्यात चिनी मुळाचं, म्हणजे आपल्या चोपचिनीचंच, एक वेगळं प्रकरण आहे. म्हणजे रोगही बोटीनं आला आणि औषधही बोटीनं. गंमत म्हणजे प्रत्येक देशानं या रोगाला शेजाऱ्याचं नाव दिलं. फ्रेंच म्हणत नेपल्सचा रोग, इटालियन म्हणत फ्रेंच रोग. दोष दुसऱ्यावर ढकलायची सवय इतकी जुनी आहे.

इंग्रजांनी तो दोष थेट बायकांवर टाकला. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्यानुसार वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांना नोंदणी आणि सक्तीची तपासणी लागू झाली, आजारी सापडल्या तर खास रुग्णालयात डांबलं जाई. मुंबईतही हा कायदा काही वर्षं चालला. त्यांच्याकडे येणाऱ्या पुरुषांची तपासणी? ती कायद्यात नव्हती. १८८८ मध्ये तो रद्द झाला.

मराठीत या विषयावर उघडपणे, न लाजता, न भिववता लिहिलं ते रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. गणिताचे प्राध्यापक, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, नोकरी गमावली आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं. गुप्तरोग ही पापाची शिक्षा नाही, तो एक संसर्ग आहे आणि तो टाळता येतो, ही त्यांची भूमिका होती. मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते उत्तरं देत. त्याबद्दल अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांनी प्रश्न विचारले तर उत्तर देणं हा गुन्हा कसा, असा बचाव होता. खटला हरले, दंड भरला, मासिक मात्र १९५३ मध्ये कर्व्यांचा मृत्यू होईपर्यंत चाललं. त्यांच्या आयुष्यावरचा अमोल पालेकर यांचा ‘ध्यासपर्व’ अनेकांनी पाहिला असेल.

कर्व्यांना जाऊन सत्तर वर्षं झाली. माझी मैत्रीण बी.कॉम. आहे, स्मार्टफोनवर तिचं सगळं चालतं, आणि तिला केमिस्टसमोर ‘जखम’ हा शब्दसुद्धा उच्चारता आला नाही.

गडचिरोलीच्या ६५० बायका

ती एकटी नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. तो अभ्यास १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि जगभर त्याची चर्चा झाली. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक संबंधातून होणारा आजार होता. एकेका बाईला सरासरी ३.६ आजार. आणि त्याआधी आयुष्यात कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के.

तोवर सरकारी आरोग्यसेवेत बाईचं आरोग्य म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि नसबंदी. बाकीच्या आयुष्यात तिला ‘तिथे’ काही होत असेल, हा विचारच नव्हता. डॉ. राणी बंग यांचं ‘कानोसा’ हे पुस्तक ज्यांनी वाचलंय त्यांना आठवेल, गावातल्या बायका किती मोकळेपणानं बोलल्या. मुद्दा असा की आधी कोणी विचारलंच नव्हतं.

आणि सांगलीचं गोकुळनगर. तिथे १९९२ पासून मीना सरस्वती सेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेनं वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांसोबत काम सुरू केलं. बाहेरून कोणी येऊन उपदेश करण्यापेक्षा त्याच बायका एकमेकींना निरोध वाटू लागल्या, गिऱ्हाईकाला ‘वापरणार नसशील तर जा’ म्हणायला शिकल्या. १९९६ मध्ये त्यांनी स्वतःची संघटना काढली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. ज्यांना समाज रोगाचं मूळ म्हणत होता त्यांनीच रोग थोपवायचं काम हातात घेतलं. आपल्यासारख्या ‘चांगल्या घरच्या’ बायका नवऱ्याला निरोध वापर म्हणू शकतात का, हा प्रश्न मी सोसायटीतल्या कट्ट्यावर विचारला होता. दोन मिनिटं कोणी बोललं नाही, मग कुणीतरी भेंडीचा भाव काढला.

पांढरं किट

रुग्णालयात तिला खास वेगळ्या खोलीत, रांगेत नाव न पुकारता तपासलं. नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, देशभरात सरकारी रुग्णालयांतून अशी केंद्रं चालवते. त्यांना ‘सुरक्षा क्लिनिक’ म्हणतात. त्वचारोग विभागात किंवा स्त्रीरोग विभागात ती असतात. तपासणी, समुपदेशन, औषधं सगळं मोफत.

मला वाटलं होतं, आधी ढीगभर चाचण्या, मग आठ दिवसांनी रिपोर्ट, मग औषध. तसं झालं नाही. शँक्रॉइडचा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवणं फार अवघड असतं. त्याला खास माध्यम लागतं आणि तरी तो पुष्कळदा उगवत नाही. दिल्लीत सफदरजंग रुग्णालयात लैंगिक आजारांची मोठी संदर्भ प्रयोगशाळा आहे, पण प्रत्येक रुग्णाला तिथे पाठवत बसलं तर निम्मे परत येणार नाहीत. म्हणून लक्षणांचा गट पाहून त्या गटातल्या नेहमीच्या सगळ्या जंतूंवर एकदमच उपचार करायचे, अशी पद्धत आहे. त्यासाठी रंगांची किट केलेली आहेत. फोड नसलेल्या जखमेसाठी पांढरं, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर निळं, हर्पिससारखे फोड असतील तर लाल, नुसती जांघेतली गाठ असेल तर काळं. कुणाला वाचता येत नसलं तरी गोंधळ होत नाही.

तिला पांढरं मिळालं. त्यात अ‍ॅझिथ्रोमायसिनचा १ ग्रॅमचा एकच डोस, तो तिथेच पाण्याबरोबर गिळायचा, आणि बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन. आधी कातडीत थोडं टोचून अ‍ॅलर्जी पाहिली, मग दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं दिलं. गोळी शँक्रॉइडसाठी, इंजेक्शन सिफिलिससाठी. दोन्ही एकाच दिवशी. शिवाय व्हीडीआरएल आणि एचआयव्हीसाठी रक्त घेतलं. एचआयव्ही कशाला, म्हणून ती घाबरली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की उघडी जखम म्हणजे एचआयव्हीच्या विषाणूला उघडं दार, म्हणून अशा प्रत्येक रुग्णाची ही तपासणी होते आणि तीन महिन्यांनी परत होते.

मी ही औषधांची नावं लिहिली म्हणून कृपा करून केमिस्टकडून आणू नका. अर्धवट डोस घेतला की लक्षणं दबतात, जंतू राहातो आणि पुढे औषधाला दाद देत नाही. गर्भवती असाल तर काही औषधं चालत नाहीत. गर्भारपणावरून आठवलं, की पहिल्या तपासणीला रक्ताच्या यादीत व्हीडीआरएल असं लिहिलेलं असतं. बऱ्याचजणी ‘हे कशाला?’ म्हणून ते वगळतात. वगळू नका. आईला लक्षणं नसताना सिफिलिस असेल तर गर्भपात होऊ शकतो, मूल मृत जन्मू शकतं किंवा आजार घेऊन येतं. वेळेत कळलं तर पेनिसिलिननं बाळ वाचतं.

घरी काय करायचं, तेही सांगितलं. साध्या पाण्यानं धुवा, टिपून कोरडं करा, सुती कपडे घाला. डेटॉल, हळद, पावडर, ट्यूब काही नको. गाठ स्वतः दाबू-फोडू नका. पिकली तर डॉक्टर सुईनं पू काढतात. जखम पूर्ण भरेपर्यंत संबंध नको. निरोध उपयोगी आहेच, पण जखम त्यानं न झाकल्या जाणाऱ्या जागी असेल तर तो पुरत नाही.

तिसऱ्या दिवशी तिचं दुखणं उतरलं. आठवड्यात जखम भरू लागली. गाठ विरायला जास्त दिवस लागले.

आणि मग नवरा

त्या खोलीतून बाहेर पडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘पति को भी लाना है. उनको तकलीफ हो या न हो.’’

शँक्रॉइडमध्ये लक्षणं सुरू व्हायच्या आधीच्या दहा दिवसांत ज्याच्याशी संबंध आला, त्याच्यावर उपचार करायचेच असतात. नाहीतर बरी झालेली बाई त्याच्याकडून पुन्हा आजारी पडते. औषध दहा मिनिटांचं. ते वाक्य घरी जाऊन बोलायला तिला नऊ दिवस लागले.

तिनं सांगितल्यावर आधी तो चिडला. ‘‘बाहेरच्या टॉयलेटमधून लागलं असेल.’’ तिनं शांतपणे सांगितलं की तसं लागत नाही, डॉक्टरांना विचार. मग तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या रात्री कळलं की जखम त्यालाही झाली होती, महिन्याभरापूर्वी, एका दौऱ्यानंतर. आणि तो डॉक्टरकडे नव्हता गेला. रेल्वेच्या रुळांकडेच्या भिंतीवर चुन्यानं रंगवलेली ‘गुप्त रोग, शर्तिया इलाज’वाली जाहिरात पाहून एका ‘दवाखान्या’त गेला होता. तिथे त्याला पुड्या दिल्या, हजारो रुपये घेतले आणि ‘कोणाला सांगू नका’ असंही बजावलं. १९५४ चा एक कायदा आहे, जादूटोण्यासारख्या औषधांच्या जाहिरातींना बंदी घालणारा. ज्या आजारांवर इलाजाचा दावा जाहिरातीत करता येत नाही, त्यांच्या यादीत सिफिलिस, परमा आणि हा मृदू उपदंशसुद्धा नाव घेऊन लिहिलेला आहे. दिल्लीत येणाऱ्या कुठल्याही गाडीच्या खिडकीत बसून बाहेर पाहा, म्हणजे तो कायदा कुठवर पोहोचलाय ते दिसेल.

मला त्याचा राग आला, अजून आहे. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. तिला जशी केमिस्टसमोर लाज वाटली, तशीच त्याला डॉक्टरसमोर वाटली. फरक इतकाच, की त्याच्या लाजेची किंमत तिनं मोजली.

तो गेला रुग्णालयात. एकटाच. कोणी त्याला भाषण दिलं नाही, कुठे गेला होतास असं दरडावलं नाही, जे विचारलं ते तपासणीपुरतं. पांढरं किट, रक्ताची तपासणी, तीन महिन्यांनी परत ये.

दोघांची तीन महिन्यांनंतरची तपासणी नोव्हेंबरमध्ये झाली. दोघांचेही रिपोर्ट निगेटिव्ह आले. त्यांच्यात पुढे काय बोलणं झालं, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. ती मधल्या काळात काही दिवस माहेरी जाऊन आली, एवढं मला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात बागेत दुसऱ्या फेरीला ती मला म्हणाली, ‘‘ताई, तो नॅकोचा नंबर १०९७ च ना? फुकट लागतो?’’

मी म्हटलं, ‘‘हो. का गं?’’

‘‘आमच्याकडे स्वयंपाकाला येते ना, त्रिलोकपुरीहून, तिला हवाय. मी तिला लिहून दिला होता, तिनं कागद हरवला.’’